गंगम्मांच्या डोळ्याचा फोटो

मी कॅमेरा बोलतोय. पण लग्नाबिग्नातला नव्हे. मी डोळ्याच्या आतला पडदा टिपतो. परभणीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात माझा मुक्काम असतो, आणि महिन्यातून एकदा जीपमध्ये बसून मी खेड्यापाड्यांतल्या शिबिरांना जातो. मला चालवणाऱ्या मुलीचं नाव अपेक्षा. फोटो काढायचा म्हटलं की माणसं टोपी सरळ करतात, पदर नीट घेतात. त्यांचं तोंड मला दिसतच नाही, हे त्यांना कोण सांगणार!

माझ्या जोडीला एक संगणक आहे. वय झालं की काहींच्या पडद्यावर मधोमध पिवळे ठिपके साठू लागतात. ते पाहून तो सांगतो, येत्या दोन वर्षांत मधली नजर जाण्याचा धोका किती. थोडक्यात, आम्ही भविष्य सांगतो.

गेल्या वर्षी ताडकळसच्या शिबिरात गंगम्मा आल्या. किराणा दुकानवाल्या राजेश्वरच्या आई, सत्तरीच्या. फोटो म्हटल्यावर त्यांनी कपाळावरचं भस्म सारखं केलं, आणि माझ्या पट्टीला कपाळ टेकवून ते सगळं मलाच लावलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, माझा उजेड आत शिरेना. उजव्याचा फोटो निघाला. ठिपके मोठाले होते आणि धोका फार होता.

अपेक्षानं बजावलं, "आजी, समोरचं वाकडं दिसलं, मधलं पुसट झालं, तर त्याच दिवशी या. डोळ्यात इंजेक्शन देऊन थांबवता येतं. उशीर केला तर मग हातात काही राहत नाही."

"येते की गं बाई," त्या म्हणाल्या. मोतीबिंदूचं मात्र नातीचं लग्न उरकल्यावर बघू, असं ठरलं.

त्या आल्या सात महिन्यांनी, राजेश्वरच्या दंडाला धरून.

"आत बघा. हिरवा दिवा दिसायलाय का, आजी?" अपेक्षानं विचारलं.

"कडंकडंचं दिसायलंय. मधी काईच न्हाई."

फोटोत रक्त उतरून जुना डाग धरलेला दिसला. राजेश्वर चिडला, "माय, कवापासून हाय हे? बोललीस का न्हाई?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. रोज सकाळी त्या लिंगायतांच्या रीतीनं गळ्यातलं छोटं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात आणि टक लावून बसतात. सासूनं शिकवलं होतं, मन पुरतं लागलं की लिंग दिसेनासं होतं. आणि अशी खूण चारचौघांत बोलू नये. पन्नास वर्षं त्यांनी त्या खुणेची वाट पाहिली. मग एका सकाळी लिंग जरा वाकल्यासारखं झालं, आणि पुढं हळूहळू विरूनच गेलं.

"डोळं भरून आलं माजं. म्हणलं, देवानं आयकलं. बाकीचं धुरकट दिसायचं, ते मोतीबिंदूमुळं वाटलं." मग त्यांनी अपेक्षाला विचारलं, "म्हंजे त्यो देव नव्हता?"

अपेक्षा माझी पट्टी पुसत राहिली. पुसून झालेलीच पट्टी ती पुन्हा पुसत होती. मला फार वाईट वाटलं. ठिपके आम्ही बरोबर ओळखले. पण तो डोळा रोज सकाळी कशाकडे बघत असतो, हे कुणी विचारलंच नव्हतं.

उजव्या डोळ्याची मधली नजर परत आली नाही. डाव्याचा मोतीबिंदू काढला, तसं त्यातलं मला दिसू लागलं. तिथेही तेच ठिपके आहेत. दर महिन्याला त्या येतात, मला भस्म लावून जातात. परवा म्हणाल्या, "आदी लिंग दिसंना झालं की लय बरं वाटायचं. आता दिसलं की जीव भांड्यात पडतोय. ही कसली पूजा गं पोरी?"

माझंही वय झालंय. दवाखान्यात नवं यंत्र येतंय, मला बहुधा कोपऱ्यात झाकून ठेवतील. जाता जाता एवढंच मागणं आहे. गंगम्मा, ज्या सकाळी लिंग दिसणार नाही, त्या सकाळी हात जोडून बसू नका. राजेश्वरला हाक मारा.