शेंदूर लागलेला हद्दीचा दगड

मी एक जुना दगड आहे. देव नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बोलायला मिळेल की नाही, ठाऊक नाही.

रावेरच्या उत्तरेला, सातपुडा जिथे केळीच्या बागांना टेकतो, तिथे माझी जागा. पुढे गाव, मागे डोंगर. पाठीशी अंजनाचे मोठे झाड. त्याच्या मुळांपाशी उन्हाळ्यातही पाणी झिरपते. मी तिथे नुसताच पडून असे. पहाटे एक अस्वलीण यायची आणि माझ्या अंगावर पाठ घासायची. मला ते आवडायचे.

(थांबा. कोणीतरी नारळ फोडते आहे.)

हं. तर हा डोंगर सुरतेच्या एका माणसाचा होता. तो खडीच्या मशीनवाल्याला विकायला निघाला, तेव्हा गावाने ट्रस्ट काढला. केळीचा ट्रक भरताना प्रत्येक घर एक घड डोंगरासाठी बाजूला ठेवू लागले. असे करत करत गावाने डोंगर घेतला. मग ट्रस्टच्या चुडामण नानांनी हद्द दाखवायला मला उभे रोवले आणि चुना फासला.

"ह्याच्या पल्याड कुऱ्हाड नाही," नाना म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढा मान मला आधी कधी मिळाला नव्हता.

तरी कुऱ्हाडी आल्याच. मग एक दिवस नानांची बायको, धुरपदा अक्का, शेंदूर-तेलाची वाटी घेऊन आल्या.

"काय करून राह्यली वं?" नानांनी विचारले.

"तुमच्या चुन्याले कोन भेतं? याले भेतीन."

दोघेही हसले. आणि खरेच, लाकूडतोडे आले, त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि परत गेले. अस्वलीणही आली. तिने माझे तेलकट अंग हुंगले आणि पाठ न घासताच निघून गेली.

मग कोणाची तरी हरवलेली म्हैस माझ्याजवळ सापडली.

(घंटा. कालच बांधली. ती वाजली की माझे शब्द हरवतात.)

म्हैस पाण्याला आली होती, मित्रांनो! अंजनाखालच्या झिऱ्यावर. पण नारळ मला मिळाला. मग नवस. मग पत्र्याची शेड. मग मोटारसायकली लावायला करवंदाच्या जाळ्या साफ झाल्या. अस्वलीण त्याच जाळ्यांत राहायची.

आता मंदिर. अंजन आड येतो म्हणे, म्हणून तोडायचा.

ट्रस्टची बैठक माझ्यासमोरच भरली. चपला काढून.

"अरे, हद्दीचा दगड आहे तो! मीच रोवला," नाना ओरडले.

"नाना, दगड कोनाले म्हनता? कान धरा," लीलाधर म्हणाला. डोंगरासाठी पहिला घड याच लीलाधरने दिला होता.

अक्का उठल्या. "शेंदूर मी लावला रे. ह्याच हातानं. लाकूडतोड्यांले भेव दाखवाले."

"मंग देवानंच लावून घेतला, अक्का, तुमच्या हातानं."

अक्का आपल्या हाताकडे पाहत राहिल्या. लोक रांगेने येऊन त्या हाताच्या पाया पडले.

काल अक्का एकट्याच आल्या. ओल्या पदराने मला पुसू लागल्या. एका थराखाली दुसरा थर. त्यांचा पदर लाल झाला, पण आतला चुना काही दिसेना. मग माणसे धावत आली आणि त्यांना बाजूला घेऊन गेली. अगदी आदराने.

आज सकाळी मला चांदीचे डोळे बसवले. तोंड कोणी दिले नाही. डोळे गावाकडे आहेत. अंजन पाठीमागे. तिकडचे मला फक्त ऐकू येते.

मित्रांनो, कुठे रानाच्या कडेला शेंदराचा दगड दिसला, तर त्याच्यापुढे वाकून परत फिरू नका. त्याला वळसा घाला. तो कोणाला पाठीशी घालून उभा आहे ते बघा. आणि जे त्याच्या पाठीशी आहे ते सांभाळा, कारण दगडाला

(घंटा. आज फार जोरात वाजवत आहेत. करवतीचा आवाज देवाला ऐकू जाऊ नये म्हणून.)