दुमडलेले कोपरे

फुकटात मिळालेली वस्तू कंपाउंडरकाका आधी उलटीपालटी करून बघायचे. त्यामुळे डॉक्टरांच्या बायकोने दवाखान्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर फुकटची सिस्टीम चढवायला घेतली, तेव्हा काका स्टूल ओढून तिच्या पाठीशीच बसले.

"आधीचं सगळं पुसलंत, वहिनी?"

"पुसलं. आता ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम, आणि तिच्यावर पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट."

"आणि बनवणाऱ्यांचं पोट कसं चालतं?"

"जगभरची माणसं मिळून बनवतात, काका. प्रोग्राम कुणालाही उघडून बघता येतो."

"अरे देवा! म्हणजे कुणाला मूळव्याध आहे ते गावभर?"

"प्रोग्राम हो! नोंदी आपल्याच इथे, कुलपात."

काकांना ते काही पटलं नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर पळत होत्या. मध्येच लाल अक्षरं आली, वहिनी "अगंबाई" म्हणाल्या आणि काहीतरी टाइप केलं. हं, म्हणजे हिलाही सगळं कळत नाही तर!

तीस वर्षं पेशंटची कार्डं काकांच्या ताब्यात होती. कुणाला पेनिसिलिन सोसत नाही हे ते लिहीत नसत, त्या कार्डाचा उजवा कोपरा दुमडत. मोठे डॉक्टर होते तोवर खूण दोघांची होती. ते गेले, मुलगा खुर्चीवर बसला, आणि खूण एकट्या काकांकडे उरली.

वहिनींनी आठवडाभर बसून कार्डं टाइप केली. गठ्ठा नीट बसेना म्हणून कोपरे अंगठ्याने सरळ करत गेल्या. काकांनी ते पाहिलं. तोंड उघडलं आणि परत मिटलं. सगळंच त्या डबड्याला देऊन टाकलं तर उद्या आपल्याला कोण कुत्रं विचारणार? बघू तरी किती शहाणं आहे ते! आणि सुई भरणार मीच, चूक व्हायची कशी?

सोमवारपासून कार्डं बंद झाली, पेशंट थेट आत जायला लागले. गुरुवारी आतून डॉक्टरांची हाक आली, "काका, पेनिसिलिन भरून आणा!"

काकांनी सुई भरली, पडदा सारला, आणि सुई झटकन मागे घेतली. खाटेवर त्यांची बायको बाही वर करून बसली होती. गळा सुजलेला, आवाज बसलेला. बाजारातून परस्पर आली होती. वीस वर्षांपूर्वी कुठल्या इंजेक्शनने आपला जीव जाता जाता राहिला, ते तिला कधीच आठवायचं नाही. लक्षात ठेवायला नवरा होता ना!

"काय झालं, काका? नोंदीत तर काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"नसणारच. मी सांगितलंच नाही." काका म्हणाले. सुई त्यांनी बेसिनमध्ये रिकामी केली.

कोपऱ्यांच्या खुणेचं सगळं ऐकून वहिनींचा चेहरा उतरला. "काका, असे किती जण आहेत?"

"दीडशे तरी असतील." लाजेने त्यांची मान वर होईना. सुई त्यांच्या हातची होती, पण पेनिसिलिनच्या गोळ्या? त्या तर लोक चिठ्ठी घेऊन बाहेरून आणत होते. चार दिवस.

त्यांनी तेच स्टूल ओढलं आणि पडद्यासमोर बसले.

"वहिनी, सोमवारपासून कुणाला काय लिहून दिलं, ते ह्याच्यात दिसतं का?"

"दिसतं."

"मग काढा. लवकर काढा, मी नावं सांगतो."