रात्रभर बसलेला ठोकळा

ठोकळा जितका वेळ एका जागी बसेल, तितका तो हलवायला जास्त जोर लागतो. घर्षणाचा हा साधा नियम. लखनौच्या आमच्या प्रयोगशाळेत मात्र रात्रभर बसलेला काचेचा ठोकळा सकाळी उलट सहज सरकायचा. तीन वर्षं हेच. माझ्या विद्यार्थिनीचा, हिमानीचा, अख्खा प्रबंध या उलट्या गंगेवर उभा होता आणि सोमवारी तो द्यायचा होता. तिची शिष्यवृत्ती मार्चमध्येच संपली होती.

हिमानी लखनौतल्याच आलमबागची मराठी मुलगी. मराठी कळतं, बोलते हिंदीत. पाचला तिची बस, म्हणून संध्याकाळी ठोकळा पुसून यंत्राच्या पट्टीवर ठेवायचं काम माझं. सकाळी ती तो ओढून जोर मोजायची.

तापामुळे मी आठवडाभर घरी होते. परतले तर तिने आलेख पुढे केला.

"मॅम, इस हफ्ते सब मैंने ही रखा. पाँचों दिन किताब जैसा आया. मशीन बिगड़ गई क्या?"

"मशीनला काय धाड भरलीय? बघू."

वैतागून मी ठोकळा उचलला, सवयीने पदराने पुसला, आणि थांबले. पदर नाकाशी नेला. खोबरेल! वेणी घालून झाली की मी हात पदरालाच पुसते, चाळीस वर्षं पुसतेय. काचेला नुसतं बोट लागलं तरी मुलांवर खेकसणारी मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढच्या महिन्यात मी निवृत्त होणार होते. गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? फार थकवा आला. पण बसलेली गोष्ट पुढे हलत नाही, एवढं तरी या धंद्याने शिकवलं होतं. चहा यायच्या आत मी सांगून टाकलं.

ती रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. स्पिरिट घेऊन ती पट्टी पुसत राहिली.

"सोमवारचं काय करायचं गं?"

"सोमवार तो गया, मॅम."

संध्याकाळी मी ठोकळ्याकडे हात नेला. तिने तो हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

"मैं रख दूँगी. आप घर जाइए."

पाचची बस गेली. ती हातमोजे चढवत होती. मला खुर्चीतून उठवत नव्हतं.