एबेनेझर चॅपलची पेपरमिंट-परीक्षा

या, जरा पुढं सरकून बसा. मागचे बाक धरून बसायची आपल्या चॅपलची जुनी खोड आहे. आजच्यापुरती ती सोडा. गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे, कारण तिच्यात काही आदरणीय बायकांची नावं येतात. घडली देवाच्या घरात, पण आहे मोरीची.

दुसरी मोठी लढाई संपली होती, तरी गोळ्या-चॉकलेटं अजून रेशनवरच होती, तेव्हाची ही गोष्ट. चॅपलच्या मागं दोन खोल्या होत्या आणि त्यांत हेप्झिबा टॉडहंटर राहायची. सगळे तिला हेप्सीआंटी म्हणत. नवरा चॅपलची देखभाल करायचा. तो गेल्यावर झाडू, किल्ल्या आणि बॉयलरची मर्जी सांभाळणं, सगळं तिच्याकडं आलं.

आणि पाद्री होते ट्रेगेन्झा. कॉर्नवॉलचा माणूस. ते प्रवचन सांगत नसत, गात. बोलता बोलता आवाज वर चढायचा, आणि वाक्याचं भजन कधी झालं ते आम्हाला दुसऱ्या ओळीला कळायचं. तोवर आम्हीही गात असायचो. काय तो रंग! तास उलटून जायचा आणि ओव्हनमधलं मांस करपलं तरी कुणाला पर्वा नसायची. एवढं गाऊन घसा टिकावा म्हणून पेपरमिंटच्या गोळ्या बाकाबाकावरून गुपचूप पुढं सरकायच्या. देवानं ते पाहिलं असणार, पण कधी हरकत घेतली नाही.

त्या हिवाळ्यात चॅपलच्या रविवारच्या बालवर्गातली मुलं सारखी आजारी पडू लागली. कुणाचा घसा, कुणाचं पोट. वर्गात एक घाण वासही येई. बालवर्गाची भिंत आणि हेप्सीआंटीच्या मोरीची भिंत एकच. कुणीतरी कौन्सिलच्या आरोग्य खात्याला कळवलं आणि निरोप आला की सॅनिटरी इन्स्पेक्टर मिस्टर ऑडली गुरुवारी दुपारी गटाराची तपासणी करतील.

चॅपलचे खजिनदार मिस्टर पिंबलेट हात चोळत म्हणाले, "गटाराचा नळ फुटलेला निघाला तर फरशी खोदत बसण्यात अर्थ नाही. खोल्याच बंद करून टाकू. हेप्सीआंटीलाही आता आराम हवाच की. मिल रोडला छान सोय आहे."

मिल रोडला वृद्धाश्रम होता. दारावरची पाटी नवी, पण इमारत जुन्या वर्कहाउसची, निराधार गरिबांना ठेवून राबवायच्या जागेचीच. हेप्सीआंटीची आई तिथं गेली होती आणि तिथंच संपली होती. आंटी त्या रस्त्यानं बाजारालासुद्धा जात नसे, लांबचा वळसा घ्यायची. पिंबलेटसाहेबांचं बोलणं ऐकून ती फक्त म्हणाली, "बघू, देवाची इच्छा," आणि पितळेचे कठडे घासायला निघून गेली. आधीच लखलखणारे कठडे ती त्या दिवशी दुपारभर घासत होती.

इकडं भजनमंडळातली डॉर्कस लम्ली केमिस्टच्या दुकानात गल्ल्यावर उभी असायची. बाई मनानं मऊ, तोंडानं तिखट. बुधवारी तिच्याकडं मिस्टर ऑडलींचा मदतनीस विल्फ आला आणि त्यानं पेपरमिंटच्या तेलाची बाटली मागितली.

"कशाला रे? पोट बिघडलंय का कौन्सिलचं?"

"उद्या तुमच्याच चॅपलला लागणार आहे, मिसेस लम्ली. मी छपरावर चढतो, गटाराच्या उभ्या नळात हे ओततो, वरून गरम पाणी. नळ कुठं फुटला असेल तर घरात पेपरमिंटचा वास सुटतो. साहेब आत हुंगत फिरतात."

"आणि तू?"

"मला आत यायची बंदी! माझ्या हाताला वास असतो ना. पाऊस पडो, बर्फ पडो, साहेब सांगेपर्यंत मी वरच."

डॉर्कसनं बाटली बांधून दिली आणि दुकान बंद होताच कोट चढवला. संध्याकाळपर्यंत ती भजनमंडळातल्या प्रत्येकीच्या दारात जाऊन आली.

मिस विनिफ्रेड स्टॅग ही अर्धी गोळी चोखून उरलेली अर्धी पुढच्या रविवारसाठी रुमालात बांधणारी बाई. ती म्हणाली, "अगं डॉर्कस, पण ही फसवणूक नाही का?"

"गोळी खाणं फसवणूक कधीपासून झाली? आपण आंटीला धीर द्यायला जायचं, जवळ बसायचं आणि गोळ्या खायच्या. इन्स्पेक्टर काय हुंगतो ते त्याचं तो बघेल."

विनिफ्रेडनं उसासा टाकला आणि महिन्याच्या रेशनची सगळी पुडी तिच्या हातावर ठेवली. सगळ्यांनीच ठेवली. ज्यांनी त्या काळात साखरेविना चहा प्यायलाय त्यांना कळेल, हे दान केवढं होतं.

हेप्सीआंटीला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं आधी प्रार्थना केली असती आणि बेत तिथंच बारगळला असता.

गुरुवारी मिस्टर ऑडली आले. उंच, गंभीर, आणि नाक असं की टोपीच्या आधी तेच दारातून आत यायचं. त्या नाकाचा त्यांना अभिमान होता. आंटीच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकतात तो भिंतीला लागून बायका ओळीनं बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर विणकाम आणि प्रत्येकीचा गाल फुगलेला.

"गुड आफ्टरनून, मिस्टर ऑडली!" सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या, तोंड चांगलं उघडून, छाती भरून.

ऑडली थबकले. नाक फुललं. "पेपरमिंट!" ते चुलीकडं गेले. "इथंही!" कपाटात डोकं घातलं. "इथं तर भयंकर!" कपाटाशेजारी विनिफ्रेड बसली होती आणि तिच्या तोंडात आयुष्यात पहिल्यांदाच एका वेळी दोन गोळ्या होत्या.

"बाई," ते आंटीला म्हणाले, "तुमचं घर म्हणजे नुसती चाळण आहे. नळ एकाच ठिकाणी नाही, सगळीकडंच फुटलाय."

आंटीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं खुर्चीची पाठ धरली. डॉर्कसला हा भाग सुचलाच नव्हता. वास आला की इन्स्पेक्टर गोंधळेल एवढंच तिनं धरलं होतं, तो सरळ घरच नापास करील हे नव्हे. ती गोळी गिळून उठणार, एवढ्यात छपरावरून आरोळी आली.

"साहेब! ओ साहेब! बूच निघत नाहीये! तेल अजून ओतलंच नाही! सांडशी मिळेल का कुणाकडं?"

स्वयंपाकघरात गोळ्या दातांवर आपटलेल्या ऐकू आल्या.

मिस्टर ऑडली सावकाश वळले आणि ओळीतल्या एकेकीकडं बघत गेले. "कोणाकोणाच्या तोंडात आहे?"

"वय झालं की घसा कोरडा पडतो हो," डॉर्कस म्हणाली.

"सगळ्यांचा? एकदम?"

"आम्ही सगळं एकदमच करतो. भजनमंडळ आहे आमचं."

ते आढ्याकडं बघू लागले. हसू दाबत होते असं विनिफ्रेड शपथेवर सांगायची. "मी सोमवारी परत आलो तर?"

"सोमवारीही आम्ही इथंच. मंगळवारीही."

"हं." त्यांनी टोपी बोटावर फिरवली. दिवसभराची दमणूक होती, बाहेर थंडी होती आणि समोर एक म्हातारी खुर्ची धरून उभी होती. "तसं म्हटलं तर मला इथं काही सापडलं नाही. तसं सांगून टाकतो ऑफिसात. काय?"

बायकांचे डोळे चमकले. विनिफ्रेडनं तर "आमेन" म्हणून टाकलं.

"नाही," हेप्सीआंटी म्हणाली.

आवाज काही मोठा नव्हता, पण विणायच्या सुया थांबल्या.

"डॉर्कस, ऊठ. विनी, तूही. सगळ्या बाहेर. आणि जाताना खिडक्या सताड उघडा."

"आंटी, अहो, तुमच्याचसाठी..."

"माहीत आहे गं. तुमचा जीव आहे माझ्यावर. पण त्या भिंतीपलीकडं रविवारी चिमुरडी बसतात आणि देवानं आपल्यावर प्रेम केलं म्हणून गातात. त्यांना आजारी पाडून मी इथं पांघरूण घेऊन झोपू? मग पाद्रीबाबांनी कितीही गोड गायलं तरी मला ते ऐकू यायचं नाही."

बायका अंगणात गेल्या. घरातून वारा खेळला, आंटीची बोटं गारठून निळी पडली, वर विल्फनं दातांनी बूच उपटलं आणि तेल ओतलं. मग मोरीत शिरून आंटीनं स्वतःच्या हातानं कपडे धुवायचा मोठा टब बाजूला ओढला. त्यामागं फरशी खचली होती. वास असा भपकन आला की ऑडलींना वाकावंसुद्धा लागलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"शंका होती. टब पुढं ओढला की शंका कमी व्हायची." तिनं हात एप्रनला पुसले. "मिल रोडला कधी जायचं ते सांगा. मांजराची सोय लावायला हवी."

इतक्यात मिस्टर पिंबलेट दारात उभे. बातमी त्यांना नेहमी आधी कळे. "फुटलाय ना? वाटलंच होतं. बिचारी! मी आजच खोल्यांना कुलूप..."

"कुलूप?" ऑडलींनी नाक त्यांच्याकडं वळवलं. "मिस्टर पिंबलेट, मी नळ नापास केलाय, बाईंना नव्हे. नळ दुरुस्त होईपर्यंत इथं राहायचं नाही, एवढाच हुकूम. दुरुस्त झाला की त्या परत येतील. आणि दुरुस्त करणं ज्याची जागा त्याचं काम. म्हणजे चॅपलचं. कायदा पाठ आहे माझा. म्हणून दाखवू?"

"अहो, पण फरशी खोदणार कोण?"

खिडकी उघडीच होती आणि अंगणात भजनमंडळ उभं होतं. "आमचे नवरे खोदतील!" डॉर्कस बाहेरून ओरडली. "त्यांना अजून माहीत नाही, पण खोदतील!"

शनिवारी खोदलं. दोन गवंडी, एक बँकेतला कारकून, डॉर्कसचा नवरा कुरकुरत, आणि खड्ड्यात बाह्या सरसावून खुद्द ट्रेगेन्झा. मिस्टर ऑडली सुट्टीच्या दिवशी आले आणि स्वतः कुदळ धरली. विल्फला पहिल्यांदाच घरात घेतलं, तर तो बायकांनी आणलेल्या केकपाशीच ठाण मांडून बसला. पाद्रीबाबांना कुदळीचा ताल सापडला आणि गुडघाभर चिखलात त्यांनी प्रवचन सुरू केलं, बायबलातल्या, बापाच्या बुजलेल्या विहिरी पुन्हा उपसणाऱ्या इसहाकाचं. प्रत्येक घावाला एक ओळ. असं रंगलेलं प्रवचन मी चॅपलमध्येही क्वचितच ऐकलं. पिंबलेटसाहेबसुद्धा शेवटी बादली घेऊन उभे राहिले आणि धृपदाला त्यांचा सूर सगळ्यात वर होता.

नवे नळ बसेपर्यंत हेप्सीआंटी डॉर्कसकडं राहिली. मग मांजर काखेत घेऊन परत आली, मोरीच्या नव्या फरशीवर उभी राहिली, पायानं ठोकून पाहिली आणि चहाला आधण ठेवलं. त्याच खोल्यांत ती पुढं म्हातारी झाली आणि त्याच खोल्यांत, एका रविवारी भिंतीपलीकडं मुलं गात असताना, देवाघरी गेली.

तेव्हा एक मागणं आहे. तुमची लेकरं गायला बसतील, घसा मोकळा सोडून, चुकतमाकत, तेव्हा जरा वेळ हेप्झिबा टॉडहंटरची आठवण काढा. मोठ्यानं नाव घेतलं तरी चालेल. तिला गाणं फार आवडायचं.