कॅप्टन, तू बसत नाहीस

मित्रांनो, मी क्रिकेटची एक जुनी मॅट आहे. काथ्याची. गुंडाळून ठेवलेल्या वस्तूला गाढ झोप लागते, अशी तुमची समजूत असेल. मला लागत नाही. माझ्या पोटात अजून वाळू आहे आणि ती सारखी टोचत राहते.

माझा जन्म केरळातला. खाडीच्या पाण्यात नारळाची सोडणे कुजत घातली, बायकांनी ती बडवून काथ्या काढला, सुंभ वळले आणि मागावर मला विणले. कडेला जाड कापडाची पट्टी शिवली, पितळी कड्या बसवल्या. मग जहाजातून मी शारजाला आले. तिथले मैदान म्हणजे नुसती वाळू आणि मधोमध सिमेंटची एक पट्टी. सुट्टीचा शुक्रवार उजाडला की चार माणसे मला खांद्यावर घेऊन यायची, पट्टीवर अंथरायची आणि दोन्ही टोकांनी ओढून खिळे ठोकायची. जितकी ताणली जाईन तितका चेंडू माझ्यावरून सुरेख उसळायचा. ताण सोसणे हेच माझे काम होते.

त्या देशाचा संघ माझ्यावरच सराव करायचा. कुणी बँकेत कारकून, कुणी गोदामात, कुणी विमा विकणारा. सगळे बाहेरून पोटासाठी आलेले. त्या संघात या मातीतला माणूस एकच होता, कप्तान खल्फान. तो कराचीला शिकायला गेला आणि येताना क्रिकेटचे वेड घेऊन आला. त्याच्या घरचे लोक फुटबॉलवाले, उंटांच्या शर्यतीवाले. दिवसभर पांढरे कपडे घालून उन्हात उभे राहायला तुला कोणी शिक्षा दिली आहे का, असे त्याचे मामा विचारत. तो हसून सोडून देई.

यष्टींमागे तौसीफ बाजवा उभा असे. आठवडाभर तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, आणि शिकाऊ चालकांवर ओरडून उरलेला आवाज शुक्रवारी फलंदाजांवर खर्च करायचा. आणि डावखुरा फिरकीवाला निहाल वीरक्कोडी, श्रीलंकेतल्या मातारा गावचा. माशांच्या शीतगोदामात त्याची नोकरी. आठवडाभर बर्फात राहून त्याची बोटे अशी गारठलेली असत की चेंडू हातात ठरायचा नाही. पहिले षटक टाकण्याआधी तो वाकून माझ्यावर तळहात घासायचा. काथ्याने हात तापला की मग तो असे चेंडू वळवायचा की बाजवासुद्धा गप्प व्हायचा.

एकदा संघाला मोठ्या स्पर्धेसाठी परदेशी जायचे होते आणि निहालचा मॅनेजर रजा देईना. खल्फान त्या कचेरीत जाऊन बसला. माशांच्या वासात, खुर्चीवर, रोज कचेरी उघडल्यापासून बंद होईपर्यंत. भांडला नाही, ओळखी सांगितल्या नाहीत. चहा आला की प्यायचा आणि निहालला रजा द्या, एवढेच पुन्हा म्हणायचा. शेवटी मॅनेजर कंटाळला. निहाल गेला आणि त्या दौऱ्यात त्याने सामने काढून दिले.

पुढे मैदानात हिरवळ आली. रोलर आले, पाण्याचे फवारे आले. त्या पहिल्या शुक्रवारी मी वाट पाहत होते. बाहेर टाळ्या ऐकू आल्या, चेंडूचा आवाज आला, पण मला न्यायला कोणी आले नाही. पॅव्हेलियनमागच्या कोठीत मी पडून राहिले. एक टोक उंदरांनी कुरतडले. निहालची नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसा गेला आणि तोही माताराला परतला. हे मला कोठीत येणाऱ्यांच्या बोलण्यातून कळले.

बऱ्याच वर्षांनी त्या कोठीत पुन्हा माणसांचे आवाज घुमले. क्रिकेट मंडळाने स्टेडियममध्ये एक दालन बांधले होते. त्याच्या भिंतीवर देशाच्या एकदिवसीय संघाचे सर्वकाळचे सर्वोत्तम अकरा खेळाडू लावायचे होते. निवड करायची होती तिघांनी. पिकल्या दाढीचा खल्फान, गुडघे धरून चालणारा बाजवा आणि मंडळात नोकरी करणारी खल्फानची मुलगी शम्मा. कचेरीत भिंतींना कान असतात म्हणून खल्फानने कोठी पसंत केली. शुक्रवारच्या नमाजानंतर तिघे यायचे. शम्मा मोडक्या खुर्चीवर, आणि दोघे म्हातारे माझ्या गुंडाळीवर. सोबत कडक चहा आणि अंड्याचे पराठे.

पहिल्याच दिवशी खल्फानने नियम घातला. "पासपोर्ट बघायचा नाही, दोस्ती बघायची नाही, म्हातारा की तरणा बघायचं नाही. एकदिवसीय सामन्यातला खेळ बघायचा. एवढंच."

सलामीची जोडी चहा निवायच्या आत ठरली. वेगवान गोलंदाजांवरून मात्र असा वाद झाला की पराठे तसेच राहिले. यष्टिरक्षकाची पाळी आली तेव्हा शम्मा संकोचली. बाजवानेच तिची सुटका केली. आताच्या पोराचे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत, तोंडाची स्पर्धा असेल तर मला घ्या, असे तो म्हणाला. स्वतःचे नाव काढताना तो पोटभर हसला, पण माझ्यावरचे त्याचे वजन क्षणभर जड झाले, ते मला जाणवले. निहालच्या नावावर चर्चाच झाली नाही. तो होताच.

दहा नावे झाली. उरली मधल्या फळीतली एक जागा.

तिथे सगळे अडले. जागेला दोन दावेदार होते. एक आताच्या काळातला, धावांचा नुसता रतीब घालणारा फलंदाज. दुसरा खुद्द खल्फान. त्याच्यासमोर त्याचा विषय कोण काढणार? शम्माने बारावा खेळाडू आधी ठरवू म्हटले. पुढच्या शुक्रवारी छायाचित्रांच्या चौकटींचा विषय निघाला. त्याच्या पुढच्या वेळी हवेचा. खल्फान एका जागी बसत नव्हता. उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा, आणि बसला की त्याची बोटे माझ्या कडेचे धागे उसवत राहायची. माझी कड पार विस्कटली. मला दुखत नव्हते, पण त्याची तगमग माझ्या विणीत उतरत होती.

मग एके दिवशी शम्मा फोन बंद करत आत आली. मंडळातून विचारणा झाली होती, की घोळ कसला चालला आहे? कप्तान तर असणारच. एवढ्या मोठ्या भिंतीवर त्या काळातला आपला एक तरी माणूस नको का?

खल्फानची बोटे थांबली.

"म्हणजे मी कशासाठी तिथं? खेळासाठी की पासपोर्टासाठी?"

शम्मा खाली बघू लागली. "बाबा, मी काय सांगू? मी तुमची मुलगी आहे."

"तू नको सांगूस." तो बाजवाकडे वळला. "तू यष्टींमागून आणि समोरून, दोन्हीकडून मला पाहिलंयस. बोल."

बाजवाने चहाचा कप जमिनीवर ठेवला.

"कॅप्टन, तू बसत नाहीस."

बाजवाने नजर वळवली नाही.

"तुझ्यासारखी कप्तानी पुन्हा कुणी केली नाही, हे मी मशिदीच्या पायरीवर उभा राहून सांगेन," बाजवा म्हणाला. "पण ज्या चेंडूवर ही आताची पोरं दोन धावा पळून काढतात, तो चेंडू तू अडवायचास आणि गोलंदाजाला शाबासकी द्यायचास. एकदिवसीय खेळात ते चालत नाही रे."

"इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीस."

"कधी विचारलं नाहीस."

खल्फान उठला. चहा तसाच सोडून निघून गेला. शम्माचे डोळे भरून आले होते. काका, जरा गोड शब्दांत सांगता आले नसते का, असे तिने विचारले. बाजवा गुडघा चोळत म्हणाला, "पोरी, गोड बोललो असतो तर तो भिंतीवर चढला असता. आणि येता-जाता वर बघून मनातल्या मनात कुढत बसला असता. तुझ्या बापाला मी ओळखतो."

पुढच्या शुक्रवारी खल्फान आला नाही. बाजवाने फोन लावला, उचलला नाही. बाजवा एकटाच माझ्यावर बसून राहिला आणि पराठ्याचा एक घासही न घेता निघून गेला. तो आठवडा मी कसा काढला, मलाच ठाऊक. मैत्री तुटण्याचा आवाज होत नाही, म्हणून कान देऊन बसावे लागते.

त्यानंतरच्या शुक्रवारी शम्मा आणि बाजवा आले तर खल्फान आधीच येऊन बसलेला. त्याने सरकून बाजवाला जागा दिली. खिशातून फोन काढला, माताराचा नंबर लावला आणि कानाने कमी ऐकू येते म्हणून आवाज मोठा केला. पलीकडे स्कूटरची भुरभुर, कोंबड्यांचा कलकलाट, आणि मग निहालचा आवाज.

खल्फानने त्याला सांगितले, की सर्वकाळच्या अकरा जणांत तू आहेस. मग निहालने बाकीची नावे विचारली. एकेक नाव ऐकताना तो हं हं म्हणत होता. शेवटी म्हणाला, "आणि कॅप्टन तुम्ही."

"नाही. मी नाही."

"नाही कसं?"

"नाही बसत मी त्यात."

"मग माझं नाव काढा." निहालचा आवाज चढला. "त्या मॅनेजरच्या दारात कोण बसलं होतं? तुम्ही नसता तर मी आयुष्यभर मासेच मोजले असते. तुमच्याशिवाय कसला संघ?"

शम्माने तोंडावर हात धरला. बाजवा छताकडे बघत होता.

"रजा मी मिळवली," खल्फान म्हणाला. "बळी तू घेतलेस. भिंत बळी घेणाऱ्यांची आहे."

"मला नको ती भिंत."

"निहाल, ऐक. कुठल्या षटकाला यायचं ते मी सांगायचो आणि तू यायचास. कधी का म्हणून विचारलं नाहीस. आजही मीच सांगतोय. तू खेळतोयस. घे चेंडू."

स्कूटर बंद झाली.

"कुठल्या टोकाकडून, कॅप्टन?"

खल्फानने दाराबाहेर पाहिले. बाजवाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. खल्फान म्हणाला, "समुद्राच्या बाजूने. वारा आज तिकडून आहे."

शम्माने अकरा नावे मंडळाला कळवली. तिथे कुरकुर झाली, तिला दोन-तीनदा बोलावून घेतले, पण नावे बदलली नाहीत. दालन उघडले त्या दिवशी खल्फान गर्दीत उभा होता म्हणे. बाजवाशी त्याचा वाद झाला, तिसऱ्या वेगवान गोलंदाजावरून. तो वाद अजून मिटलेला नाही.

मलाही त्यांनी कोठीतून बाहेर काढले. कुरतडलेले टोक कापले, कड नव्याने शिवली. कामगारांच्या वस्तीजवळच्या मोकळ्या मैदानात आता मी दर शुक्रवारी ताणली जाते. पूर्वीपेक्षा आखूड आहे, म्हणून गोलंदाजाचा पाय सिमेंटवर पडतो. ही मुले कुठल्या देशाच्या कुठल्या गावातून आली आहेत, मला माहीत नाही. पण डाव संपला की तीही माझ्यावर बसून सर्वकाळचे संघ निवडतात, आणि त्यांचे आवाज वाढत जातात.

मित्रांनो, तुम्हीही निवडा. मोठ्याने भांडून निवडा. फक्त खेळ संपल्यावर मॅट ओली गुंडाळू नका, तिच्यातली वाळू झटका. आणि संघातून ज्याला वगळाल त्याला ते तोंडावर सांगा. सांगून झाले की लगेच उठून जाऊ नका. थोडा वेळ त्याच्या शेजारी बसा.