वाचून न दाखवलेला अहवाल

अहवाल आला तेव्हा विमलाबाईंना जाऊन महिना झाला होता. आईच्या नावाने आलेला तो ईमेल पूर्णिमाने उघडला. अंध आणि अपंग माणसांच्या घरी येणाऱ्या मदतनिसांबद्दलचा अभ्यास, त्या माणसांनाच विचारून केलेला. अहवाल इंग्रजीत होता. आईला इंग्रजी येत नव्हतं, आणि शेवटी शेवटी दिसतही नव्हतं.

शेजारचे ज्ञानदेवकाकाही अंध, आईसारखीच त्याच अभ्यासासाठी मुलाखत दिलेले. त्यांना घेऊन पूर्णिमा अभ्यास करणाऱ्या शनिवार पेठेतल्या संस्थेत गेली.

"अहो, वेबसाइटवर टाकलाय की," संशोधक प्रज्ञेश म्हणाला.

"टाकलायत खरा," काका म्हणाले. "माझा फोन सगळं वाचून दाखवतो. तुमचं पान उघडलं की नुसतं 'चित्र' म्हणतो. सुरेख असणार!"

प्रज्ञेश ओशाळला. मराठी करून वाचू लागला, "बहुतेक सर्वजण मदतनिसांबद्दल समाधानी आहेत."

"थांबा!" काका म्हणाले. "मुलाखतीच्या वेळी त्या मदतनीस बाई कुठे होत्या?"

"तिथेच. तुम्हाला आधार म्हणून आम्हीच बसवायचो."

"मग त्यांच्यादेखत कोण काय सांगणार? संध्याकाळी त्यांच्याच हातचं जेवायचं, त्यांचाच हात धरून मोरीत जायचं!"

पूर्णिमाने आईची ध्वनिमुद्रित मुलाखत ऐकवायला सांगितली.

प्रश्नानंतर लांबलचक शांतता. अगदी जवळ बांगड्या वाजल्या. आई बांगड्या घालत नसे. मग तिचा आवाज आला, "छान आहे हो सगळं."

खराडीच्या ऑफिसातून दमून आलेल्या लेकीलाही, पूर्णिमालाही, ती रोज हेच सांगायची. तेव्हाही त्या बाई स्वयंपाकघरात असायच्या.

"काय निघालं ते मला वाचून दाखवाल ना?" आई विचारत होती.

"हो आजी, नक्की!" हा आवाज प्रज्ञेशचा.

त्याने यंत्र बंद केलं. "पुन्हा विचारायला हवं," तो हळूच म्हणाला. "प्रत्येकाला एकटं असताना. आणि छापण्याआधी वाचून दाखवायचं."

"आईला?" पूर्णिमाने विचारलं.

प्रज्ञेशने शब्द पाळला. कित्येकांची उत्तरं बदलली, अहवालही बदलला. विमलाबाईंचं 'छान आहे' मात्र तसंच राहिलं.

ज्यांच्या जगण्याचा आपण अभ्यास करतो, त्यांना तो कळेल अशा रूपात पोचवणं हे उपकार नव्हेत. त्यातली आपली चूक दाखवण्याचा हक्क त्यांचा आहे, आणि तो त्यांच्या हयातीत मिळायला हवा!