राखून ठेवलेली बाटली

सुताराच्या कपाटात बर्बन व्हिस्कीच्या दोन बाटल्या असत. एक साधी, संध्याकाळी हातपाय धुतल्यावर दोन घोट घ्यायला. दुसरी जावयाने आणलेली, बारा वर्षं मुरलेली. ती खास प्रसंगासाठी राखलेली. पण कुठलाच प्रसंग त्याच्या मनास येईना. नात झाली तेव्हा तो म्हणाला, "आधी बाळ घरी तर येऊ दे." साठी झाली तेव्हा म्हणाला, "साठी काय, सगळ्यांचीच होते."

दरम्यान बायकोच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. तिला नातीचा फोटोही दिसेना. ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलायची. शेवटी मुलीने हाताला धरून नेलं.

पट्टी निघाल्यावर ती घरी आली, खुर्चीत टेकली आणि नवऱ्याकडे टक लावून बघत राहिली.

"अगंबाई! अहो, केवढे म्हातारे झालात तुम्ही! आणि छताला हे जाळं कधीपासून लोंबतंय?"

सुताराला हसू आवरेना. दोन वर्षांत तिने त्याला असं निरखलं नव्हतं. त्याने भर दुपारी खास बाटलीचं बूच काढलं.

"आज काय आहे?" तिने विचारलं.

"आज मी तुला दिसलो!"

तिने चमचाभर चाखून नाक मुरडलं. "लाकडासारखी लागते."

"ओकच्या लाकडाच्या पिंपात मुरलीय," तो ऐटीत म्हणाला, जणू पिंप त्यानेच घडवलं होतं.

तिने त्याचा पेला उन्हात धरला. "रंग मात्र मधासारखा आहे हो," ती म्हणाली, आणि इतकी वर्षं बर्बन पिणाऱ्या सुताराने तो रंग पहिल्यांदाच नीट पाहिला.